हुबेहूबराव आठवी ब मध्ये

"तुम्हाला शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले," एवढेच भाषेच्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठीमागच्या नव्या फळ्याने एक भलेमोठे नाक काढून त्याच्या शेंड्यावर नऊचा आकडा बसवला. आठवी ब चा वर्ग आधी गार पडला आणि मग असा काही हसला, की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भागाकार अर्धा टाकून दारात आले.

"काय झालं, बाई?"

"काही नाही सर. नाकी नऊ आले."

सरांनी फळ्याकडे पाहिले. "दिसतंय," म्हणाले आणि भागाकाराकडे परत गेले.

फळा शाळेत येऊन आठवडाही झाला नव्हता. जुन्या काळ्या फळ्यावरच तो ठोकला होता. पांढराशुभ्र, गुळगुळीत आणि वरच्या कडेला करंगळीएवढा एक कान. शिक्षकाने बोलायचे, त्या कानाने ऐकायचे आणि बोलण्यात जे येईल त्याचे चित्र लगेच फळ्यावर हजर, अशी त्याची कामाची रीत. खरे सांगायचे तर फळा गुणाचा होता. विज्ञानाच्या बाई नुसत्या 'हृदय' म्हणाल्या, की फळ्यावर हृदय धडधडू लागे. भूगोलाच्या तासाला नदी डोंगरातून निघे आणि तास संपायच्या आत समुद्राला मिळे. जे धडे घोकून घोकून डोक्यात शिरत नसत, ते आता डोळ्यांवाटे सहज आत जात होते. हे भाषेच्या बाईंनीही शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत कबूल केले होते.

अडचण एकच होती आणि ती फळ्यात नव्हती, बाईंच्या तोंडात होती. बाईंना साधे बोलताच येत नसे. त्यांना तहान लागत नसे, घशाला कोरड पडे. भूक लागत नसे, पोटात कावळे ओरडत. मुलांनी दंगा केला तर त्या "दंगा करू नका" असे कधीही म्हणत नसत. "माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटू नका" म्हणत. त्यांची आई अशीच बोलायची, आजी अशीच बोलायची, आणि दोन मावश्या तर अशा बोलायच्या की त्यांच्यापुढे आई मुकी वाटावी. बाई हे बोलणे कुठे शिकल्या नव्हत्या. ते अंगात होते.

फळ्याला यातले काय ठाऊक? जे ऐकले ते त्याने इमानेइतबारे काढले. मिऱ्या म्हटल्यावर एका माणसाच्या टाळूवर पाटा ठेवून वरवंटा फिरवला. कावळे म्हटल्यावर पोटाला खिडकी पाडून आत तीन कावळे बसवले. बाई चिडून "एकेकाचे कान उपटीन" म्हणाल्या, तर फळ्याने जमिनीतून एक कान मुळासकट उपटून दाखवला, वर मातीही झटकली. मुलांनी त्याच तासाला फळ्याचे बारसे केले. नाव ठेवले हुबेहूबराव.

मग काय, आयतेच कोलीत मिळाले. मुले मुद्दाम बाईंना बोलते करू लागली. "बाई, आमच्यावर रागावलात का?" "बाई, गृहपाठ विसरलो, आता काय होणार?" आणि बाई बोलल्या की सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे नाही, फळ्याकडे. इतकी वर्षे ज्या बाईंनी आवाज न चढवता वर्ग मुठीत ठेवला होता, त्यांचा वर्ग एका आठवड्यात हातचा गेला. हसण्याचा आवाज कचेरीपर्यंत पोचला आणि हेडसरांचे बोलावणे आले.

"बसा, बाई," हेडसर म्हणाले. बसा म्हटले की बातमी वाईट असते, हे शाळेत पहिलीपासून सगळ्यांना ठाऊक होते. "काय आहे, या फळ्याबरोबर तयार धडेही मिळतात. रेकॉर्ड केलेले. त्यातल्या बाईंचा आवाज गोड आहे. रजा नाही, घसा बसणं नाही. अध्यक्षसाहेबांचं म्हणणं, पुढच्या सत्रापासून भाषेला तेच लावावेत."

"आणि मी?"

"शुक्रवारी साहेब स्वतः येताहेत. फळ्याच्या कंपनीचे गृहस्थही असतील. त्यांच्यासमोर या फळ्यावर एक पाठ नीट घेऊन दाखवा. जमला, तर आठवी ब तुमचीच. नाहीच जमला, तर ग्रंथालयात माणूस लागतोच."

"ग्रंथालयात बोलायला बंदी असते, सर."

"तेही खरंच," हेडसर म्हणाले आणि उगाचच टेबलावरचे पेन सरळ ठेवू लागले.

बाई घरी आल्या त्या तोंड पाडूनच. पगार तोच राहणार होता, मान तोच राहणार होता, वर कामही कमी होणार होते. पण वर्ग जाणार होता. सकाळी आपण दारात पाऊल टाकले की चाळीस तोंडे आपल्याकडे वळतात आणि आज बाई काय बोलणार म्हणून वाट पाहतात, यापेक्षा मोठे काही बाईंना आयुष्यात कधी हवेसे वाटले नव्हते. ते आता एक न थकणारी, गोड आवाजाची बाई घेऊन जाणार, या विचाराने त्यांना रडू येत होते.

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत. माणूस मोजका. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलत "असं बरं, की असं?" विचारून घरी येईपर्यंत त्यांच्यातले बोलणे संपलेले असे, आणि घरात त्याची उणीव कधी भासली नव्हती.

"अहो, मला साधं बोलायला शिकवा," बाई म्हणाल्या.

यजमानांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. ही मागणी लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि खुर्ची सरळ करून बसले. "मी फळा. तू बोल." शुक्रवारसाठी बाईंनी पुस्तकातला झाडाचा धडा निवडला होता.

"हे झाड आहे."

"झाड काढलं."

"झाडाला मुळं असतात. मुळं जमिनीतलं पाणी शोषून घेतात."

"काढली. छान."

"आता नीट ऐका. कानाडोळा करू नका."

"कान काढला. त्यात डोळा बसवला."

बाईंनी जीभ चावली. "चुकलं. जीभ घसरली."

"जीभ काढली. ओल्या फरशीवरून घसरतेय."

"तुम्ही मुद्दाम करताय. माझा पारा चढवू नका हं!"

"चढवतो. शिडीनं, की जिन्यानं? असं बरं, की असं?"

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्या नुसत्याच बसून राहिल्या. "मी इतकी वर्षं चुकीचंच बोलत होते का हो?" त्यांनी हळूच विचारले.

यजमान गडबडले. अशा वेळी काय बोलावे हे त्यांना दुकानात कोणी शिकवले नव्हते. "चुकीचं नाही," ते म्हणाले. "त्या फळ्याला जवळचं दिसतं. तुझं बोलणं लांबचं असतं." मग एवढे बोलल्याचे त्यांनाच नवल वाटले आणि ते म्हणाले, "चल, पुन्हा झाड."

शुक्रवारपर्यंत बाई झाडाच्याच झाल्या. उठता बसता त्या साधे बोलत. शेजारीण "चहा झाला का?" म्हणाली, तर "होय, मी चहा प्यायले," असे उत्तर आले आणि शेजारणीने घरी जाऊन नवऱ्याला सांगितले, की त्यांच्यात काहीतरी बिनसलेय.

शुक्रवारी वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत अध्यक्षसाहेब. लाकडाच्या वखारीत आयुष्य गेलेले, अंगाने आडवे, डोक्याने तुळतुळीत. एका बाजूला हेडसर, दुसऱ्या बाजूला कंपनीचे गृहस्थ, हातरुमालाने कपाळ टिपत. फळ्याचा लाल दिवा लागला आणि बाईंनी सुरुवात केली.

"हे झाड आहे," बाई म्हणाल्या.

फळ्यावर झाड उगवले. हिरवेगार, वाऱ्यावर हलणारे.

"झाडाला मुळं असतात. मुळं जमिनीतलं पाणी शोषतात. त्यांना बारीक केसांसारखे तंतू असतात."

माती काचेसारखी पारदर्शक झाली. आत मुळे पसरली, मुळांना तंतू फुटले, तंतूंतून पाण्याचे थेंब वर चढू लागले. मुलांच्या तोंडून 'अरे!' निघाले. बाईसुद्धा क्षणभर बघत राहिल्या. खडूने आपल्याला असे आयुष्यात काढता आले नसते, हे त्यांना मनापासून वाटले.

पण पुढे काय? "खोड जाड असतं. खोडाला फांद्या असतात. फांद्यांना पानं असतात." बाई शब्दाला शब्द जोडत होत्या, खिडकीच्या गजावर कपडे वाळत घालावेत तशा. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने जांभई दिली. मग चौथ्या बाकावरच्याने. मग पहिल्या बाकावरच्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा असलेल्या मुलीने हात वर केला.

"बाई, तुम्हाला बरं नाहीये का?"

"मला बरं आहे. पान हिरवं असतं."

अध्यक्षसाहेब खुर्चीत हलले. "हेडसर," ते कुजबुजले, पण वखारीतली कुजबुज सगळ्या वर्गाला ऐकू गेली, "आठवीला झाड हिरवं असतं हे शिकवतात? मला वाटलं तेवढं त्यांना येत असेल."

हेडसरांचा धीर सुटला. बाईंचा पाठ बुडाला तर बाई ग्रंथालयात जातील हे खरे, पण साहेब नाराज झाले तर हेडसर कुठे जातील हे अजून ठरलेले नव्हते. ते ताडकन उभे राहिले.

"साहेब, गैरसमज नको. बाईंनी या पाठासाठी अक्षरशः जिवाचं रान केलंय!"

लाल दिवा लुकलुकला. फळ्यावरच्या एकुलत्या एका झाडाभोवती घनदाट रान उठले. वेली लोंबल्या, मागून एक कोल्हाही डोकावून गेला. पेंगणारी मुले खाडकन जागी झाली.

"विषयाला धरूनच आहे," कंपनीचे गृहस्थ घाईघाईने म्हणाले. "झाडावरून जंगल. पुढचा टप्पा."

"अगदी!" हेडसर म्हणाले आणि आता थांबायला हवे होते तिथे थांबले नाहीत. "आणि साहेब, आपण म्हणजे तर या शाळेचे आधारस्तंभ!"

रान गेले. फळ्यावर एक खांब उभा राहिला. रुंद, भक्कम, वरून तुळतुळीत. मुलांनी एकदा खांबाकडे पाहिले, एकदा साहेबांकडे पाहिले आणि एकाच वेळी चाळीस वह्या चाळीस तोंडांपुढे आल्या.

"पुरे, पुरे!" अध्यक्षसाहेब गरजले. "मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका!"

वीतभर उंचीचे एक नाजूक रोपटे फळ्यावर आले आणि त्याच्या शेंड्यावर एक आडवा गृहस्थ चढून बसला. रोपटे वाकले, गृहस्थ डोलला. गृहस्थाच्या डोक्यावर फळ्याने केस का काढले नाहीत, हे कंपनीलाच ठाऊक. आता वह्यांचा काही उपयोग राहिला नाही. वर्ग खदखदून हसला.

"बंद करा तो फळा!" हेडसर कंपनीच्या गृहस्थांच्या कानाशी लागले. "साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेलीय!"

फळ्याचा कान मोठा तिखट होता. रोपट्यावरच्या गृहस्थाच्या तळव्यांना ज्वाळा लागल्या, भराभर वर गेल्या आणि तुळतुळीत डोक्यावर जाऊन मशालीसारख्या पेटल्या. कंपनीचे गृहस्थ खिशातून कळफलकासारखे काहीतरी काढून दाबत सुटले. ते चालेना, तेव्हा त्यांनी फळ्यालाच दटावले, "बंद! बंद!" फळ्याने त्यांच्या सांगण्याला मान देऊन ओळीने बंद दुकाने काढली.

"हा फळा तुम्ही आमच्या गळ्यात मारलात!" अध्यक्षसाहेब गृहस्थांवर कडाडले, आणि दुकानांपुढून तोच बिचारा केस नसलेला माणूस गळ्यात फळा अडकवून वाकत वाकत चालू लागला.

बाई खडूच्या पेटीशी उभ्या होत्या. पाठ बुडाला होता, त्याबरोबर आठवी ब ही बुडाली होती, आणि आता घालवायला काहीच उरले नव्हते. अशा वेळी माणूस एकतर रडतो, नाहीतर त्याला नीट दिसू लागते. बाईंना दिसू लागले. त्यांनी फळ्याकडे पाहिले नाही, मुलांकडे पाहिले. मुले हसत होती. चाळीसच्या चाळीस. पण त्या गळ्यातल्या फळ्याला हसायचे तर गळ्यात मारणे म्हणजे काय, हे आधी ठाऊक हवे. हे यांना शिकवले कोणी? धडा नव्हता, प्रश्न नव्हता, परीक्षेला कधी आले नव्हते.

"का हसलात?" बाईंनी विचारले.

हेडसरांनी डोळे मिटले. मुलांनी वह्या पुन्हा तोंडापुढे धरल्या.

"रागावत नाही मी. का हसलात ते सांगा. फळ्याने काय चुकीचं काढलं?"

चष्म्याची मुलगी उभी राहिली. "बाई, गळ्यात मारणं म्हणजे खरं गळ्यात नाही. नको असलेलं कुणाच्या तरी माथी..." ती थबकली, फळ्याकडे पाहिले. फळ्याने लगेच एक कपाळ काढून त्यावर पेटारा ठेवला होता. "म्हणजे आग्रह करकरून द्यायचं. घेणाऱ्याला नको असतं."

"शाब्बास. आणि हरभऱ्याचं झाड?"

पाचसहा हात वर आले. "खोटी स्तुती, बाई!" एकजण ओरडला, आणि हेडसरांचे मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"मग आता असं करू," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात त्यांचा जुना आवाज परत आला. "एकेकाने उठायचं. फळ्याला असं काही सांगायचं की तो फसला पाहिजे. पण फसवणाऱ्याने खरा अर्थ सांगायचा. ज्याला अर्थ येणार नाही, त्याचा गुण फळ्याला."

पुढे जे झाले त्याला पाठ म्हणायचे की पळापळ, हे सांगणे अवघड आहे. एकाने तोंडचे पाणी पळवले, तर फळ्यावरच्या पाण्याला पाय फुटून ते दाराबाहेर गेले. दुसऱ्याने नाकाने कांदे सोलले, आणि फळ्यावरच्या नाकाच्या डोळ्यांना पाणी आले. शेवटच्या बाकावरची, वर्षभरात एकदाही न बोललेली मुलगी उठली आणि म्हणाली, "अकलेचे तारे तोडले." फळ्यावर रात्र झाली आणि एक माणूस उड्या मारमारून आकाशातल्या चांदण्या खुडू लागला. चित्र इतके सुंदर होते की क्षणभर कुणीच हसले नाही. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे मूर्खासारखं बोलणं. पण दिसतं किती छान, नाही?" बाईंना भरून आले.

"थांबा, थांबा, मीही सांगतो!" मागून आवाज आला. अध्यक्षसाहेब उभे होते. "सुक्याबरोबर ओलंही जळतं!"

फळ्याने सुके लाकूड काढले, ओले काढले, दोन्हींना आग लावली. ओल्यातून धूर निघू लागला.

"हे तर बरोबर काढलंय," साहेब खट्टू होऊन म्हणाले. "ओल्याचा धूरच होतो."

"अर्थ सांगा, साहेब! नाहीतर फळ्याचा गुण!" मुले ओरडली.

"येतो मला अर्थ! गुन्हा एकाचा, आणि त्याच्या पायी ज्यानं काही केलं नाही, त्यालाही शिक्षा."

"म्हणजे फळा चुकतो आणि बाईंना ग्रंथालयात पाठवतात, तसं का?" चष्म्याच्या मुलीने विचारले. कचेरीत बोललेले शाळेत कुणाला कळत नाही, अशी समजूत फक्त कचेरीत असते.

साहेबांचे तोंड उघडे राहिले. फळ्याने ग्रंथालय काढले होते: उंच कपाटे आणि त्यांत एकटी एक बाई. बाईंनी ते पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

"बाई," साहेब म्हणाले, "हे सगळं या पोरांना तुम्ही कधी शिकवलंत?"

"शिकवलं नाही, साहेब. बोलत होते फक्त."

साहेब काही बोलणार, एवढ्यात कंपनीचे गृहस्थ पुढे आले. त्यांचा हातरुमाल पिळला तर बादली भरली असती, पण डोळे चमकत होते. "बाई, एक विनंती आहे. आमच्या लोकांनी शब्द घातले, चित्रं घातली, पण हे घालायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही आमच्या कार्यालयात येऊन आमच्या यंत्राला शिकवाल का? मानधन तुम्ही म्हणाल ते."

हेडसरांनी आता डोळे उघडले. अध्यक्षसाहेबांनी बाईंकडे पाहिले. मुलांचा तर जीवच टांगणीला लागला. बाईंनी साडीचा पदर नीट केला.

"मी खाजगी शिकवण्या घेत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला शिकायचं असेल, तर त्यानं वर्गात यावं. रोज, वेळेवर, बाकीच्या मुलांबरोबर."

"पण म्हणजे... तुम्ही वर्गावर असायला हवं," गृहस्थ म्हणाले.

"ते मी ठरवत नाही."

गृहस्थांनी साहेबांकडे पाहिले, हेडसरांनी साहेबांकडे पाहिले, आठवी ब ने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी घसा खाकरला. "यात ठरवायचं काय आहे? आठवी ब बाईंचीच आहे. कोण म्हणालं नाही म्हणून?" आणि त्यांनी हेडसरांकडे अशा नजरेने पाहिले, की हेडसरांना स्वतःचाच संशय येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी एक नवाच पेच उभा राहिला. विद्यार्थी म्हटला की तो बाईंच्या समोर हवा, आणि हुबेहूबराव तर बाईंच्या पाठीमागे उभे. "माझ्या मागे उभा राहून कोणी शिकलाय आजवर?" बाई म्हणाल्या. सुतार आला, फळा उतरवला आणि मागच्या भिंतीवर, शेवटच्या बाकाच्या वर टांगला. समोर जुना काळा फळा पुन्हा उघडा झाला आणि बाईंनी त्यावर खडूने तारीख घातली. विज्ञानाच्या तासाला मुले उलटी वळून बसत आणि हृदय बघत. भाषेच्या तासाला सरळ बसत आणि बाईंना बघत. अधूनमधून मागे वळून हुबेहूबरावांनी काय दिवे लावले तेही पाहून घेत, आणि चूक असेल तर चाळीसजण त्याला समजावून सांगत. अध्यक्षसाहेबांना वखारीतून सवड झाली, की तेही शेवटच्या बाकावर येऊन बसत. बाकाला ते जरा जड जात, पण बोलणार कोण?

सत्र संपायला आले तेव्हा कंपनीचे गृहस्थ चौकशीला आले. मधली सुट्टी होती. बाईंनी त्यांना समोरच्या बाकावर बसवले. मुलांच्या त्या बाकावर त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"प्रगती कशी आहे, बाई?"

"आहे. हुशार आहे, सांगितलेलं विसरत नाही. काल मी म्हटलं, 'हात आखडता घेऊ नका,' तर त्यानं हात काढलाच नाही. भरभरून देणारा एक माणूस काढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या." बाईंचा चेहरा उजळला होता. मग त्या गंभीर झाल्या. "पण तुम्हाला एक स्पष्ट विचारते. राग मानू नका. घरी त्याच्याशी कोण बोलतं?"

"घरी?"

"तुमच्या कार्यालयात."

"आम्ही रोज हजारो शब्द घालतो ना त्याच्यात."

"घालता. बोलतं कोण?"

गृहस्थांनी मान खाली घातली. "कोणी नाही, बाई."

"मग कसं व्हायचं? सगळं शाळेवर सोडून चालत नाही. रोज थोडा वेळ काढा, जवळ बसा, इकडचं तिकडचं बोला. हसा, चेष्टा करा. मुलं ऐकूनच शिकतात."

"काढतो वेळ, बाई. मी स्वतः बोलत जाईन." गृहस्थांनी मागच्या भिंतीकडे चोरून पाहिले आणि आवाज खाली आणला. "पण... पास होईल ना तो?"

"न व्हायला काय झालं?" बाई म्हणाल्या. "आठवी ब चा आहे तो."